दारू सोडण्याचा संकल्प आणि पहिले तीन दिवस



गुरुपौर्णिमा तीन आठवड्यांवर आली आहे. दरवर्षीप्रमाणे यंदाही आपल्यापैकी काही घरांतलं कुणी तरी पादुकांपुढे उभं राहून म्हणेल, "आजपासून दारू बंद." फार मोठी गोष्ट आहे ती. पण असा संकल्प घेण्याआधी घरच्यांना एक गोष्ट माहीत असायला हवी. आम्हाला ती माहीत नव्हती, आणि त्यापायी आमच्या घरातला एक माणूस मरता मरता वाचला. म्हणून या पंधरवड्याचा अभ्यास-पाठ याच विषयावर घेतला आहे. पाठ थोडा लांब आहे. दोन बैठकांत वाचलात तरी चालेल, पण मुद्दा ३ आणि ४ कृपया सोडू नका.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. केलं त्यालाही आता तीस वर्षं होऊन गेली. इथे लिहिलेलं आहे ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि स्वतः भोगून समजलेलं आहे. उपचार मात्र प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करायचे.

*आमच्या घरातली गोष्ट*

माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी. त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे. ते म्हणाले, "वहिनी, नाव नको घालू, पण तिसऱ्या दिवसाचं नक्की लिही."

इंदूरला आमचं एकत्र घर आहे. खाली सासूबाई आणि आम्ही, वर भाऊजींचं बिऱ्हाड. भाऊजी स्वभावाने प्रेमळ, हिशेबाला पक्के, सासूबाईंचे पाय रोज चेपून देणारे. दारू आधी लग्नकार्यात असायची, मग शनिवारी, मग रोज. शेवटची चार-पाच वर्षं रोज एक क्वार्टर, कधी दीड. सकाळी हात थरथरायचे म्हणून दाढी करण्याआधी दोन घोट. हे शेवटचं आम्हाला फार उशिरा कळलं. आम्हाला वाटायचं, चहा जास्त होतोय.

त्या वर्षी गुरुपौर्णिमेच्या आधी मीच त्यांच्या मागे लागले. त्यांनीही मनापासून ऐकलं. हातात फूल घेऊन पादुकांपुढे संकल्प केला. माझ्या जावेनं उरलेली बाटली मोरीत ओतली. सासूबाईंनी गुडघे दुखत असताना स्वतः पुरणपोळ्या केल्या. घरात कुणाचे डोळे कोरडे नव्हते.

त्या रात्री भाऊजींना झोप लागली नाही. अंग घामानं भिजलं. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की तीर्थाची पळी धरता येईना. उलट्या झाल्या. आम्ही म्हटलं, "विष बाहेर पडतंय, सहन करा, महाराज बघताहेत." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उशीवरच्या मुंग्या झटकायला लागले. उशीवर एकही मुंगी नव्हती. मग आठ वर्षांपूर्वी गेलेल्या मामंजींशी बोलायला लागले.

कुणी म्हणालं, बाहेरचं आहे. कुणी म्हणालं, अंगारा लावा. अंगारा मी लावला. जाऊ रडत म्हणत होती, "ताई, दवाखान्यात नेऊ या." मी तिला म्हटलं, "सकाळपर्यंत थांबू."

का म्हटलं, ते आज सगळ्यांपुढे कबूल करते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सत्संग होता. चाळीस माणसं यायची होती. भाऊजींनी दारू सोडली हे मीच सगळ्यांना अभिमानानं फोन करून सांगितलं होतं. आता दारात ॲम्ब्युलन्स उभी राहिली तर लोक काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात पहिला आला. माणसाचा विचार नंतर आला.

रात्री अकराच्या सुमारास भाऊजी उठले आणि खालून कुणी तरी हाक मारतंय म्हणून गॅलरीच्या कठड्यावर पाय ठेवला. माझ्या मुलानं मागून कमरेला मिठी मारली म्हणून ते वाचले. अंग तापानं फणफणत होतं, छाती धडधडत होती. मुलानंच १०८ ला फोन केला. माझी परवानगी त्यानं विचारली नाही, आणि बरंच केलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटची कधी घेतली होती?" मी म्हटलं, "तीन दिवस झाले, थेंबसुद्धा घेतलेली नाही." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर हे झालंय."

आता हे 'म्हणूनच' नीट समजून घेऊ. त्यासाठी थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

*१. 'जास्त' म्हणजे किती?*

घरोघरी ऐकू येतं, "फार नाही हो, एक क्वार्टर फक्त." आपण बायका स्वयंपाकघरात चमच्यानं मोजतो, तसंच हेही मोजून बघू.

आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये त्यामुळे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे असे सहा पेग, सुमारे ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणं हे अतिमद्यपान धरते. म्हणजे ज्याला आपण 'फक्त' म्हणतो ती क्वार्टर नेमकी त्या रेषेवर येते. भाऊजी ती रेषा रोज ओलांडत होते.

"मी दारू घेत नाही, बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी दुसरा हिशेब. ६५० मिलीच्या एका बाटलीत ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर असेल तर सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल होतं, म्हणजे चार छोटे पेग. दोन बाटल्या झाल्या की क्वार्टर मागे पडली. गोव्याच्या वाचकांसाठी, फेणी घरची असली, काजूची असली, तरी अल्कोहोल त्यातही व्हिस्कीइतकंच असतं. सर्दीवर औषध म्हणून सुरू झालेली फेणी रोजची झाली की लिव्हर तिला औषध मानत नाही.

आपलं शरीर साधारण तासाला एखाद्या छोट्या पेगइतकंच अल्कोहोल पचवू शकतं. लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, कडक कॉफी, कशानंही हा वेग वाढत नाही. रात्री अकराला संपवलेली क्वार्टर पहाटे चारलाही रक्तात असू शकते. सकाळी लवकर स्कूटर काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

*२. शरीरात काय काय होतं*

*लिव्हर.* अल्कोहोलचा बहुतेक भाग लिव्हरच पचवतं. तो पचताना ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. रोजच्या माऱ्यानं आधी लिव्हरमध्ये चरबी साठते. या टप्प्यावर दारू पूर्ण थांबवली तर बऱ्याचदा काही आठवड्यांत लिव्हर पूर्ववत होऊ लागतं. थांबवली नाही तर काहींना सूज येते, आणि पुढे मऊ लिव्हरच्या जागी निबर, गाठाळ चट्टे तयार होतात. त्याला सिरॉसिस म्हणतात. तिथून पूर्ण मागे येणं कठीण असतं, पण तेव्हाही दारू थांबवली तर आयुष्य वाढतं. "आता काय उपयोग" असं कधीच नसतं.

अडचण ही की लिव्हर दुखत नाही. बराचसा बिघाड होईपर्यंत माणूस म्हणतो, "मला काही होत नाही, जेवण जातंय, कामाला जातोय." मग एक दिवस डोळे पिवळे दिसतात, पाय सुजतात, पोटात पाणी भरतं, म्हणजेच जलोदर होतो. काहींना एकदम रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शौचाला होते. रक्ताची उलटी झाली तर एक मिनिटही न घालवता मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

कावीळ झाली की आपल्याकडे माळ घालतात, मुळी बांधतात, 'उतरवून' आणतात. दारू पिणाऱ्या माणसाची कावीळ त्यात दोन-तीन आठवडे काढण्याजोगी नसते. तेवढ्या वेळात माणूस हाताबाहेर जाऊ शकतो.

*पोट आणि स्वादुपिंड.* पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ येऊन ती पाठीत जाते, सोबत उलट्या होतात. घरी याला 'गॅस' म्हणून सोडा दिला जातो. स्वादुपिंडाला सूज असेल तर तो जिवाशी खेळ आहे.

*हृदय आणि रक्तदाब.* रोजच्या दारूनं रक्तदाब वाढतो, ठोके अनियमित होऊ शकतात, हृदयाचा स्नायू सैल पडतो, पक्षाघाताचा धोका वाढतो. सोबतच्या शेव-मिक्श्चरचं मीठ वेगळंच.

*कॅन्सर.* जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच मद्याला कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणच्या कॅन्सरशी दारूचा संबंध सिद्ध झाला आहे. आणि गुटखा किंवा तंबाखू सोबत असेल तर तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतो. आपल्या माळव्यात दोन्ही एकत्र करणारे किती आहेत ते मला सांगायला नको.

*नसा आणि मेंदू.* एका क्वार्टरमधून सुमारे ४०० कॅलरी मिळतात, म्हणजे चारेक पोळ्यांइतक्या. त्यात ना प्रथिनं ना जीवनसत्त्वं. पोट भरल्यासारखं वाटतं आणि ताट तसंच परत येतं. त्यातून बी-१ हे जीवनसत्त्व फार कमी होतं. तळपाय जळजळतात, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, चाल डगमगते, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. इथे एक धोक्याची सूचना. अशक्तपणा आला म्हणून घरी कंपाउंडरला बोलावून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावण्याची पद्धत आहे. बी-१ न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर अशा माणसाच्या मेंदूचा त्रास वाढू शकतो. सलाईन लावणाऱ्याला माणूस दारू पितो हे सांगितलंच पाहिजे.

*मधुमेह आणि झोपेच्या गोळ्या.* मधुमेहाची औषधं चालू असताना उपाशीपोटी दारू घेतली तर रक्तातली साखर अचानक खूप खाली जाऊ शकते. बेशुद्ध पडलेला माणूस 'प्यायलाय' म्हणून तसाच झोपवून ठेवला जातो आणि सकाळी उठत नाही. झोपेच्या गोळीवर दारू घेतली तर श्वासच मंद होऊ शकतो.

बडोद्याच्या मंडळींना वाटेल, आमच्याकडे तर दारूबंदी आहे. पण चोरून मिळणाऱ्या दारूत आणखी एक विष असू शकतं, मिथेनॉल. जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात असं रसायन पिऊन ४० हून जास्त माणसं गेली. प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धूसर दिसायला लागलं, पोटात दुखलं, धाप लागली, तर पोलिसांची भीती न धरता लगेच दवाखाना गाठायचा. वेळेत उपचार मिळाले तर डोळेही वाचू शकतात आणि जीवही.

*३. एकदम थांबवल्यावर काय होतं*

आता त्या 'म्हणूनच'कडे येते. डॉक्टरीणबाईंनी मला जसं समजावलं तसंच सांगते.

दारू मेंदूचा वेग कमी करते, ब्रेक दाबल्यासारखा. रोज ब्रेक दाबलेलाच असेल तर मेंदू तेवढ्याच जोरानं ॲक्सिलरेटर दाबून काम चालू ठेवायला शिकतो. काही वर्षांत त्याची तीच सवय होते. मग एके दिवशी आपण ब्रेक अचानक काढून घेतो. ॲक्सिलरेटर मात्र दाबलेलाच राहतो. गाडी सुसाट सुटते.

शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, उलट्या, बेचैनी, झोप न लागणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेले किडे, मुंग्या, माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, कुठे आहोत ते कळत नाही, ताप येतो, रक्तदाब वर जातो. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. यात उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. वेळेत झाले तर बहुतेक जण वाचतात.

सगळ्यांनाच इतकं होत नाही. कधीमधी घेणाऱ्यानं सोडली तर काहीच होत नाही. धोका कुणाला जास्त? जो अनेक वर्षं रोज भरपूर घेतो, सकाळी उठल्याउठल्या ज्याला लागते, ज्याला आधी कधी सोडताना फिट किंवा भ्रम झाला होता, किंवा ज्याला लिव्हरचा, हृदयाचा दुसरा आजार आहे.

आणखी एक. माणूस स्वतःहून सोडतो तेव्हाच हे होतं असं नाही. पाय मोडून दवाखान्यात पडला, लांबच्या यात्रेला गेला, मुलाच्या घरी राहायला गेला, लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद झाली, तरी हेच होतं. ऑपरेशनसाठी भरती करताना "आमच्याकडे असलं काही नाही" असं लाजेपोटी खोटं सांगितलं जातं, आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात पेशंट बरळायला लागतो. डॉक्टरांपासून हे लपवू नका.

म्हणून हे वाक्य जपून ठेवा : *रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू सोडायचीच आहे, पण डॉक्टरांना भेटून, त्यांनी दिलेल्या औषधांच्या आधारानं. घरच्यांनी बळजबरीनं एकदम बंद करायची नाही.* हे वाचून काहींना धक्का बसेल. मलाही बसला होता. पण यात सोडणं पुढे ढकलायला सांगितलेलं नाही. डॉक्टरांची भेट अलीकडे आणायला सांगितलं आहे. दवाखान्यात काही दिवस मेंदू शांत ठेवणारी औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात, बी-१ ची इंजेक्शनं देतात, रक्तदाब आणि क्षार बघतात. साधारण आठवडाभरात तो अवघड उतार पार होतो.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका. लगेच १०८ किंवा ११२.

*४. चहातून द्यायची पूड*

"त्यांना न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर, मोबाईलवर सगळीकडे आहेत. आपल्या काही ताईंनी अशी पूड मागवल्याचंही माझ्या कानावर आहे. त्यांना मी नावं ठेवत नाही. रोजच्या जाचात असलेली बाई काय काय करून बघेल, ते आपण सगळ्या जाणतो.

पण ऐका. अशा पुडीत काय आहे ते आपल्याला माहीत नसतं. दारूचा तिटकारा आणणारं डायसल्फिराम नावाचं एक औषध खरंच आहे. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा उपयोग लक्षात आला. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली जातो. म्हणून ते तपासण्या करून, माणसाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीनंच देतात. चहात लपवून दिलं आणि त्यानं वर क्वार्टर घेतली, तर हृदय कमजोर असलेला माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. मग आयुष्यभर ते ओझं कुणाच्या डोक्यावर? त्या बाईच्याच. शिवाय हे एक दिवस कळतंच. घरच्या चहावरचा विश्वास गेला की औषधावरचाही जातो.

*५. घरच्यांनी काय करावं*

आधी ओळखावं. डॉक्टर साधारण चार प्रश्न विचारतात. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी टोकलं की चीड येते का? प्यायल्याबद्दल मनात अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हावा म्हणून घ्यावी लागते का? दोन 'हो' आले तर डॉक्टरांना भेटायची वेळ झाली. चौथ्याला 'हो' असेल तर मुद्दा ३ पुन्हा वाचा.

मग बोलावं. प्यायलेल्या अवस्थेत नाही, सकाळी, शांतपणे, एकट्यानं. "तू घर बुडवलंस" याऐवजी "काल तुझे हात थरथरत होते, मला भीती वाटली" असं. जमलेल्या पाहुण्यांपुढे, किंवा सत्संगात नाव घेऊन, कधीच नाही.

मग दाखवावं. सरकारी जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात याचे उपचार मिळतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ हे सरकारी फोन क्रमांक आहेत. पुण्याचं मुक्तांगण बहुतेकांना माहीत असेल. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, पु.ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मोठ्या शहरांतून होतात, तिथे पैसे लागत नाहीत. घरच्यांसाठी अल्-अनॉन आहे. माझी जाऊ तिथे जायला लागली तेव्हा पहिल्यांदा मोकळी रडली. निवासी केंद्र निवडताना मात्र स्वतः जाऊन बघा. जिथे डॉक्टर येत नाहीत, माणसाला मारतात किंवा बांधून ठेवतात, तिथे आपला माणूस सोडू नका.

आणि घरात मारहाण होत असेल तर आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्या. सहन करणं ही सेवा नव्हे. महिला हेल्पलाईन १८१ आहे.

एम्सच्या मदतीनं केंद्र सरकारनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं की देशात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात, आणि ज्यांना तिचं व्यसन जडलं आहे अशा ३८ जणांपैकी एकालाच काही तरी उपचार मिळतो. उरलेले ३७ कुठे असतात? आपल्यासारख्याच घरांत, बंद दारामागे, "त्यांना मलेरिया झालाय" असं सांगत. दवाखान्याच्या त्या आठ दिवसांत आम्हीही हेच सांगत होतो.

*६. मग संकल्पाचं काय?*

हा प्रश्न मला स्वतःला फार दिवस छळत होता. पादुकांपुढे घेतलेला संकल्प पुरा पडला नाही का? गोळ्या घेऊन सोडली तर ती श्रद्धा कच्ची म्हणायची का?

मोतीबिंदू झाला तर आपण ऑपरेशन करतो आणि मग त्याच डोळ्यांनी पोथी वाचतो. तेव्हा आपल्याला श्रद्धा कमी पडल्यासारखं वाटत नाही. व्यसन हाही मेंदूचा आणि शरीराचा आजार आहे. संकल्प माणसाला दवाखान्याच्या दारापर्यंत नेतो, आणि दवाखान्यातून परतल्यावर रोज संध्याकाळी सात वाजता, जेव्हा पाय त्या दुकानाकडे वळतात, तेव्हा त्याला धरून ठेवतो. मधले ते सात-आठ दिवस मात्र औषधाचे असतात. ते औषधालाच द्यावेत.

भाऊजी दवाखान्यातून आले. सोनोग्राफीत लिव्हरला चरबी आणि थोडं निबरपण निघालं. सात महिने चांगले गेले. मग एका लग्नात पुन्हा घेतली. घरात सगळ्यांचा धीर सुटला, पण या वेळी त्यांनी लपवलं नाही. दोन दिवसांत स्वतः डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, या आजारात घसरणं होतं, घसरल्यावर किती लवकर परत येता ते महत्त्वाचं. त्याला आता चार वर्षं झाली. लिव्हरचे रिपोर्ट बरेच सुधारले आहेत. निबर झालेला भाग तसाच आहे, त्यासाठी दर सहा महिन्यांनी तपासणी असते. सत्संगाच्या दिवशी दारात चपला लावण्याची सेवा भाऊजी करतात. पळी आता हातात स्थिर राहते.

जावेची मात्र मी माफी मागायला दोन वर्षं लावली. ती एवढंच म्हणाली, "ताई, त्या रात्री तुम्ही हो म्हणाला असता तर मला एकटीला वाटलं नसतं." कुणाच्या घरातली जाऊ, सून, मुलगी यंदा असं म्हणाली, "दवाखान्यात नेऊ या," तर त्या वेळी हो म्हणा. सत्संग काय, पुढच्या गुरुवारीही होईल.

*या पंधरवड्याच्या चिंतनासाठी*

१. माझ्या घरात किंवा जवळच्या नात्यात रोज पिणारं कुणी आहे का? त्यांचं प्रमाण मी वरच्या हिशेबानं कधी मोजलं आहे का?

२. गुरुपौर्णिमेला कुणी संकल्प घेणार असेल, तर त्याआधीच्या आठवड्यात डॉक्टरांची भेट ठरली आहे का?

३. लोक काय म्हणतील या भीतीनं मी कुणाचा आजार झाकून ठेवते आहे का?

४. आपल्या गटातल्या एखाद्या घरी ॲम्ब्युलन्स आली, तर मी काय म्हणेन?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर गटात लिहिलं नाही तरी चालेल, मनात लिहा. आणि कुणाला एकटीनं बोलायचं असेल तर मला स्वतंत्र मेसेज करा. माझ्याकडून ते कुठेही जाणार नाही.

महाराजांच्या चरणी सर्वांच्या आरोग्यासाठी प्रार्थना. 🙏

आपली गुरुभगिनी,
एक सेविका, इंदूर